डोक्याच्या वरची करवंदं

झाडाझुडपांचे फोटो काढणाऱ्यांतला मी नव्हे. कोल्हापुरात माझा स्टुडिओ आहे आणि पंचवीस वर्षं लग्नं, बारशी आणि पासपोर्ट साइज यांच्यावर माझं घर चाललंय. नवरदेवाचा फेटा सरळ करायचा, मध्येच घुसलेल्या मामाला चौकटीबाहेर काढायचं आणि रुसलेल्या आत्याबाईंना परत आत घ्यायचं, एवढीच माझी कला. फुलपाखरांचे फोटो काढून खाली सुविचार लिहिणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

पण एकदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम स्टुडिओत आल्या. त्यांना रानफळांचे फोटो हवे होते. नुसती पिकलेली फळं नकोत, म्हणाल्या. कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ आणि सगळं गळून गेल्यावरची रिकामी फांदी, असं सगळं हवं. तेही त्याच झाडाचं, त्याच जागेवरून, दर पंधरवड्याला, वर्षभर. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बरोबर आणलेली एक पांढरी काठी माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर लाल रंगानं फूट आणि इंच आखलेले होते. ही काठी प्रत्येक फोटोत झाडाशेजारी उभी पाहिजे, म्हणजे झाड किती वाढलं ते कळतं, असं त्यांनी बजावलं. माझ्या कामाला इतके कडक नियम आजवर कुणी लावले नव्हते. मी हो म्हणून बसलो.

पन्हाळ्याच्या मागं, मलकापूरकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं वडिलोपार्जित दीड एकर शेत आहे. त्याच्या वरच्या बांधाला करवंदीची मोठी जाळी आहे, पुरुषभर उंच. तीच मी धरली. कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन पाय दर वेळी त्याच ठिकाणी यावेत म्हणून तीन चपटे दगड जमिनीत बसवले. काठीसाठी पाइपाचा तुकडा पुरला. सोमवारी स्टुडिओ बंद असतो, त्यामुळं एक सोमवार आड मोटरसायकल काढायची आणि शेत गाठायचं असं ठरलं. जवळपास तोरणं, आमगुळं, फळांचा अळू अशी दुसरी रानफळंही होती. त्यांचेही फोटो व्हायचे. पण जीव रमायचा तो जाळीपाशीच.

माझी मुलगी सौंदर्या शाळेला सुट्टी असली की मागं बसून यायची. दुसरीतली पोर, पण तोंड वकिलाचं. "अप्पा, झाड काय पळून जाणार हाय व्हय, दर वेळी फोटो काढायला?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता जाळीकडं पळायची. करवंदांच्या बाबतीत तिच्या आईचा एकच नियम होता. डोक्याच्या वरचं करवंद तोडायचं नाही. फळ तोडलं की देठातून पांढरा चीक ठिबकतो, वरचं तोडलं तर तो डोळ्यांत जातो. सौंदर्या बाकी कुणाचं काही ऐकायची नाही, पण हा नियम तिनं कधी मोडला नाही. पिकलेलं तेवढं निवडून, टाचा न उचलता, डोक्याच्या उंचीपर्यंतची जाळी ती साफ करायची. वरची करवंदं तशीच चमकत राहायची. त्या मे महिन्यात मी तिला काठीला टेकवून उभी केली आणि एक फोटो काढला. तीन फूट अकरा इंच. मॅडमना तो फोटो मी दिला नाही, झाडाचा नव्हता म्हणून.

सप्टेंबरात डेंग्यूनं ती गेली. पाच दिवसांचा ताप. घरच्यांनी माझं नाव मृत्युंजय ठेवलंय. मरणाला जिंकणारा म्हणे. त्या पाच दिवसांत मी साधं रिक्षावाल्यालासुद्धा जिंकू शकलो नाही. एकीकडं ने म्हटलं, तर तो दुसरीकडंच घेऊन निघाला होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, बसलेल्या स्थितीत, कपाळाला विभूती लावून. ज्याचं शेत आहे तो बहुधा शेतातच जागा देतो. कुठं, असं भावकीनं विचारलं. माझी बायको विद्याश्री तेवढं बोलली, "जाळीजवळ." त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात शब्द निघाला नाही. ठरवून नव्हे. एकानं काढला की दुसरा उठून पाण्याला जायचा. असं चारदा झालं आणि मग दोघांनीही सोडून दिलं.

मॅडम भेटायला आल्या. काम राहू दे, म्हणाल्या. मी त्यांच्यावरच भडकलो. राहू दे म्हणजे काय, वर्ष पुरं व्हायचंय अजून. खरी गोष्ट अशी, की शेतात जायला मला निमित्त पाहिजे होतं. मुलीच्या समाधीपाशी रडत बसलेला बाप लोकांना बघवत नाही. कॅमेरा लावून उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही.

म्हणून मी जात राहिलो. ऑक्टोबरात पांढरफळीच्या फांद्या टपोऱ्या पांढऱ्या मण्यांनी वाकल्या. पौषात बोरं झाली. माघात जाळीला कळ्या धरल्या, आणि फाल्गुनात सगळी जाळी बारीक पांढऱ्या फुलांनी भरून गेली. जाईसारखा वास यायचा. मला तो वास सहन व्हायचा नाही, तरी मी तिथंच बसायचो. चैत्रात हिरवी फळं आली. मग मे.

मेच्या तिसऱ्या सोमवारचा फोटो मी घरी संगणकावर उघडला. जाळीच्या वरच्या भागात काळीभोर करवंदं गच्च लागली होती. खालच्या भागात एकही पिकलेलं फळ नव्हतं. हिरवी होती ती तशीच, पिकलेली तेवढी कुणीतरी निवडून नेली होती. आणि हे खालचं रिकामं आणि वरचं भरलेलं यांच्यामधली रेघ इतकी सरळ होती की मी काठीवरचे आकडे मोठे करून वाचले. चार फूट एक इंच.

मी स्वतःलाच शिव्या घातल्या. शेळ्या असतील, पोरं असतील. पुढच्या सोमवारी मी बायडाबाईला गाठलं. बायडाबाई म्हणजे शेजारच्या वाडीतली म्हातारी. आमच्या बांधावर तिच्या शेळ्या असतात आणि त्या बांधावरचं तिला माहीत नाही असं काही नसतं.

"मावशी, जाळीला कोण आलतं काय?"

"कोण येतंय हितं, दादा? समाधी हाय न्हवं? वाडीतली पोरं भेत्यात."

"मग शेळ्यांनी खाल्लं असंल."

"शेळी वरबाडती. निवडून खायला ती काय पावणी हाय व्हय?" ती म्हणाली. "आन् मोठं माणूस वरची तोडतंय आधी. उनानं वरची गोड व्हत्यात."

एवढं बोलून ती शेळ्यांच्या मागं निघून गेली. एरवी ती एका वाक्यात सोडणारी बाई नव्हे.

मी कुणाला काही बोललो नाही. वर्ष पुरं झालं, मॅडमचं काम झालं. फोटो त्यांना फार आवडले. मी मात्र थांबलो नाही. "काम संपलं की तुमचं, आता कशाला जाताय?" असं विद्याश्रीनं एकदाच विचारलं. मी म्हणालो, "सवय लागली." तिनं मान हलवली आणि डबा भरायला घेतला. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. सकाळी साडेसातला कंपनीची बस असते. शनिवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी ती कधी निपाणीला आईकडं जायची, कधी घरी शिवणाच्या मशिनवर बसायची. समोरच्या घरातली अनुजा सौंदर्याच्याच वर्गातली. शाळेच्या प्रार्थनेला दोघी जोडीनं उभ्या राहायच्या, कारण उंची सारखी. दर बसवजयंतीला विद्याश्री त्या पोरीला दारात उभी करून माप घ्यायची आणि नवा फ्रॉक शिवायची. बरं आहे, मन रमतंय, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षी थंडीत मी एक वेडेपणा केला. जाळीच्या खालच्या फांद्यांचे काटे नेलकटरनं एकेक करून काढले. करवंदीचा काटा साधा नसतो, लागला तर ठणकत राहतो. तीन सोमवार लागले. कुणी पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे. मी सौंदर्यासाठी काढतोय, हे मी मनातल्या मनातसुद्धा नीट म्हणत नव्हतो. पण काढत होतो.

आणि दुसऱ्या मेमध्ये ती पुन्हा आली.

मी दोन्ही वर्षांचे फोटो एकावर एक ठेवले. दगड तेच, काठी तीच, चौकट तीच. रेघ तेवढी वर सरकली होती. चार फूट साडेतीन इंच. वर्षाला अडीच इंच. नऊ-दहा वर्षांची पोर वाढते तेवढी.

त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, आणि इतका आनंदही झाला की मी संगणक बंद करून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. ती वाढत होती. आपल्या आईचा नियम पाळून, डोक्याच्या वर हात न घालता, ती दर वर्षी येऊन आपली करवंदं खाऊन जात होती. लोक म्हणतात तसं भूतबीत माझ्या डोक्यात आलं नाही. भूत परक्याचं असतं. ही माझी पोर होती.

तिथून पुढं मी मे महिन्यासाठी जगायला लागलो. लग्नात फोटो काढताना एखादी दहा वर्षांची करवली चौकटीत आली की तिची उंची मनात टिपायचो. जाळीपाशी गेलो की आधी खोकायचो, ती दचकू नये म्हणून. एकदा वारा नसताना एकच फांदी हलताना दिसली आणि मी कॅमेरा तसाच ठेवून माघारी वळलो. वाकून बघितलं आणि कुणीच नसलं तर काय करायचं, याची मला धास्ती होती. विद्याश्रीला हे सांगावं असं हजारदा वाटलं. पण ती कशीबशी सावरलेली बाई. तिला पुन्हा त्या जाळीत कशाला ओढायचं? आणि खरं सांगायचं तर मला ते माझ्यापुरतं ठेवायचं होतं. एवढी एकच गोष्ट माझी होती.

तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी विद्याश्रीला पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास झाला आणि ऑपरेशन करावं लागलं. टाके, पथ्य, महिनाभर प्रवास बंद. निपाणीहून तिची आई बसम्मा येऊन राहिली. मी दवाखाना, स्टुडिओ आणि लग्नसराई यांत पिळून निघत होतो, पण सोमवार सोडला नाही.

मेचा पहिला सोमवार. करवंदं पिकायला लागली होती, एकालाही हात लागलेला नव्हता. दुसरा सोमवार. आता पंधरवड्याचा नियम मीच मोडला होता. जाळी खालपासून वरपर्यंत काळी झालेली, आणि तशीच. मला वाटलं, येईल. शनिवार-रविवारी येईल. तिसऱ्या सोमवारी गेलो तर आदल्या दिवशीच्या वळवानं निम्मी फळं खाली पडून चिखलात मिसळली होती. उरलेली फांद्यांवर फुटायला आली होती. काटे काढलेल्या खालच्या फांद्या फळांनी जमिनीला टेकल्या होत्या.

ती आली नव्हती.

मी बांधावर बसलो. सप्टेंबरात जे झालं त्यापेक्षा हे वाईट होतं. तेव्हा डॉक्टर होते, भावकी होती, धावपळ होती. इथं मी एकटा होतो आणि सौंदर्या दुसऱ्यांदा गेली होती. काय चुकलं माझं? काटे राहिले का कुठं? का ती आता मोठी झाली, आणि तिला करवंदांचं कौतुक राहिलं नाही? का आपण तिला विसरत चाललोय असं तिला वाटलं? मला तिचा राग आला. मेलेल्या पोरीवर मी चिडलो. "एवढं करतोय तुझ्यासाठी!" असं मोठ्यानं ओरडलोसुद्धा.

मग मी उठलो. काठीवर चार फूट साडेपाच इंचावर बोट ठेवलं. आधी दोन इंच वाढली, मग अडीच, आता दोन तरी वाढलीच असणार, असा माझा हिशेब. तेवढ्या उंचीवर जाळीला दोरी बांधली आणि खालून पिकलेली करवंदं तोडायला लागलो. एकेक, निवडून. हिरव्याला हात लावला नाही. पायातली वेचून काढली. चिकानं बोटं चिकटली, पाठ मोडून आली. तोडलेली फळं ओंजळीनं उताराखाली फेकून दिली. खायचं धाडस झालं नाही.

वर बघितलं तर बायडाबाई शेळ्या घेऊन बांधावर उभी होती. कधीपासून, देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आता हसेल, गावभर सांगेल. पण ती म्हणाली, "तोडा दादा, तोडा. कुणीतरी तोडाय पायजेच की." आणि निघून गेली. तिनं मला वेड्यात काढलं असंच मी समजलो.

दोरी सोडली, फोटो काढला आणि घरी आलो. फोटो आधीच्या दोन मेंच्या शेजारी नेऊन ठेवला. तीन वर्षं, तीन रेघा, पायऱ्यांसारख्या. बघता बघता क्षणभर मलाही वाटलं की तीच येऊन गेली. मग चिकानं काळी पडलेली माझी बोटं दिसली.

त्या आठवड्यात गुरुवारी एका साखरपुड्याचं काम आटपून मी दुपारी घरी आलो. बसम्मा आतल्या खोलीत झोपली होती. विद्याश्री माझ्या संगणकासमोर बसली होती. ऑपरेशनचे कागद छापून घ्यायला म्हणून तिनं तो सुरू केला होता. पडद्यावर तिन्ही फोटो होते.

"हे कवाचं?" तिनं शेवटच्या फोटोवर बोट ठेवून विचारलं. आवाज घोगरा झाला होता.

"सोमवारचं."

"ह्या सोमवारचं? ह्याच?"

"व्हय. काय झालं?"

ती एकदम रडायलाच लागली. टाक्यांवर हात दाबून धरला आणि रडत राहिली. तीन वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी स्टूल ओढून बसलो. माझी चोरी उघडी पडली असं मला वाटलं. काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात करत होतो.

"मी तुम्हाला एक सांगितलं न्हाय," ती म्हणाली. "रागावू नगा. ही पैली दोन सालं... ती करवंदं मी तोडलीती."

मला नीट ऐकूच आलं नाही.

"शनिवारी एसटीनं जायची मी. निपाणीला जातो म्हणून सांगायची. अनुजाचं माप घेत हुते न्हवं, बसवजयंतीला? तेवढ्याच उंचीपातूर तोडायची. आपल्या पोरीनं डोक्याच्या वरचं कवा तोडलं न्हाय, म्हणून." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही तिला आठ वर्षाचीच ठिवली हो. काठीला टेकून हुबी, तीन फूट अकरा इंच. तो फोटो तुमच्या पाकिटात हाय, ठावं हाय मला. माझी पोर मला वाढाय पायजे हुती."

"आणि करवंदं?"

"सरबत केलं की. तुम्हीच पिलासा. बाजारातनं आणली म्हटलं हुतं मी."

मी पिलो होतो. दोन्ही वर्षं. वर आणखी एक ग्लास मागूनही पिलो होतो.

"बायडाबाईला ठाऊक हुतं?"

"तिनं बघितलंतं मला. मीच तिला शपथ घातली, ह्यांना सांगू नगं म्हणून."

माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला. दोन वर्षं! दोन वर्षं मी ज्याच्यावर जगलो ते हिनं एसटीनं जाऊन, माप घेऊन केलं होतं. ओठावर आलं होतं, काय खेळ मांडलावतास माझ्याशी म्हणून. ओरडलो असतो तर बसम्मा जागी झाली असती, अनुजाची आई खिडकीत आली असती. मी तोंड उघडलंही.

तेवढ्यात ती म्हणाली, "पण औंदा मी गेलेच न्हाय."

मी पडद्यावरच्या तिसऱ्या फोटोकडं बघितलं.

"टाकं हुतं पोटात. कशी जाणार? अंथरुणात पडून रोज म्हणायची, पोर वाट बघत असंल. आन् आत्ता हे बघितलं." तिनं पडद्याला हात लावला, अगदी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग टेबलावरची शिवणाची वही ओढली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. ऑपरेशनच्या आधी घेतलेलं अनुजाचं माप होतं. चार फूट साडेपाच इंच. "बघा. बरोबर तेवढंच. हे माप मी कुणाला दावलंबी न्हाय. मग हे कुणी तोडलं?"

मी वही हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला.

"आन् गेल्या साली खालच्या फांद्यांचं काटंच न्हवतं. एकबी. नखानं काढल्यागत. तवाच माझ्या मनात आलंतं, पण म्हटलं, आपलं डोसकं फिराय लागलं असंल." ती रडत होती आणि हसतही होती. "मगाशी बायडाबाईला फोन लावला मी. कोण आलं न्हाय म्हणली. शपथेवर सांगितलं तिनं. फोटोवालं दादा तेवढं येऊन गेलं, दुसरं कोण न्हाय."

म्हणजे मला तोडताना बघूनही ते झाकायचं बायडाबाईनं ठरवून टाकलं होतं. खरं सांगायला आता राहिलो होतो मी.

सांगायला किती सोपं होतं. काटे मी काढले, करवंदं मी तोडली, बोटं बघ माझी. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो असतो. तीन वर्षं एका घरात राहून एकमेकांपासून चोरून आपण एकाच पोरीला वाढवत होतो, हे तिला कळलं असतं, आणि ती मला पुन्हा मिळाली असती. मला ते हवं होतं. खूप हवं होतं. पण त्याबरोबर सौंदर्या गेली असती. माझी तर पाच मिनिटांपूर्वीच गेली होती, विद्याश्रीच्या एका वाक्यात. ते कसं लागतं हे मला नुकतंच कळलं होतं.

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "खरंच आलती व्हय हो ती?"

"व्हय," मी म्हणालो.

"एकटीच?"

"एकटीच."

त्या दुपारी ती जी झोपली ती दिवे लागले तरी उठली नाही. बसम्मा दोनदा जाऊन श्वास बघून आली. मी संगणकासमोर बसून राहिलो. तिन्ही फोटो अजून उघडेच होते. दोन माझ्या बायकोनं केलेले, एक मी केलेला. त्यांत माझी मुलगी कुठंच नव्हती. त्याआधीच्या वर्षीच्या एका फोटोत होती, काठीला टेकलेली, आठ वर्षांची, आणि ती तेवढीच राहणार होती.

त्यानंतर आमचं घर बदललं. विद्याश्री सौंदर्याचं नाव घ्यायला लागली, तेही चालू काळात. "तिला ह्यो रंग आवडतोय," असं म्हणायची. मी हं म्हणायचो. अनुजाला फ्रॉक शिवणं तिनं बंद केलं. आता माप कशाला, म्हणाली. शेतात जाणंही सोडलं. "तिचं तिला तोडू दे. आपण मधी गेलाव तर बुजंल." तिच्या अंगावर मांस आलं, कंपनीतल्या बायकांबरोबर ती जोतिबाला जाऊन आली. मी सोमवारी जाळीपाशी जायचो, पण आता खोकायचो नाही. फांदी हलली तर वारा असायचा. फाल्गुनात फुलं आली, त्यांचा वास आला, आणि मी फोटो काढून परत फिरलो.

परवा मेचा तिसरा सोमवार होता. मी निघायच्या तयारीत होतो. काठी मोटरसायकलला बांधली, पिशवीत दोरी टाकली. विद्याश्री पाण्याची बाटली घेऊन दारात आली.

"औंदा किती वाढली असंल हो?"

"दोन इंच," मी म्हणालो. मी तेवढेच धरून चाललो होतो.

"छे! दोन कसलं? बारावं लागलंय तिला. ह्या वयात पोरी झपाट्यानं वाढत्यात. तीन तरी असंल बघा." तिनं बाटली माझ्या हातात दिली. "फोटो आणला की आधी मला दाखवा."

मी बरं म्हणालो. जाळीपाशी पोचलो, काठी उभी केली. चार फूट साडेआठ इंचावर दोरी बांधली आणि खालून तोडायला सुरुवात केली.